कोष्टक आणि कोळिष्टके

कोळिष्टक म्हणजे दिवाळीच्या आधी लांब काठीला झाडू बांधून काढून टाकायची गोष्ट, एवढीच आपल्या घरांत त्याची दखल. पण अलीकडे पावसाळा सुरू झाला, की येऊरच्या रानात किंवा सिंहगडाच्या वाटेवर काही माणसे पानांच्या खाली डोके घालून बसलेली दिसतात. हातात कॅमेरा, नाही तर मोबाइल. कोणी शाळेत शिकवणारा, कोणी पोस्टातला. कोळ्याचे छायाचित्र काढायचे, जाणकारापुढे ठेवायचे आणि विचारायचे, हा कोण? या मंडळींचा मूळपुरुष शोधायला निघालो, तर मी थेट अठराव्या शतकातल्या स्टॉकहोममध्ये पोचलो; आणि तिथे भेटला तो करखात्यातला एक नोकरदार! आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माणसाला यात किती आनंद झाला असेल, हे वाचकांनी समजून घ्यावे.

त्याचे नाव कार्ल अलेक्झांडर क्लेर्क. आडनाव ऐकून आपल्याला कचेरीतला क्लार्क आठवतो, पण हे घराणे सरदारी होते. सरदारी धाकट्या पातीची आणि तिजोरी रिकामी. क्लेर्कचा जन्म 1709 चा. 1726 मध्ये त्याने उप्सालाच्या विद्यापीठात नाव घातले, पण पैशाअभावी शिक्षण अर्धवट सोडून नोकरी धरावी लागली. ही कहाणी आपल्याकडच्या किती घरांत घडली आहे! पुढे स्टॉकहोम शहराच्या करवसुलीच्या कामात तो स्थिरावला. पदवी नाही, प्राध्यापकी नाही.

1739 साली लिनियसचे एक व्याख्यान त्याने ऐकले. लिनियस त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा. साऱ्या सजीवसृष्टीची नोंदवही नव्याने मांडायला निघालेला. त्या व्याख्यानाने क्लेर्कला किड्यांचे वेड लागले. पुस्तक हातात यायला मात्र 1757 उजाडावे लागले. मधली अठरा वर्षे कचेरी आणि कोळी, असा दुहेरी संसार.

त्याने कोळीच का निवडले असतील? फुलपाखरू टाचणीला टोचून पेटीत ठेवले, की वर्षानुवर्षे दिमाखात राहते. कोळी मेला, की आक्रसतो, त्याचा रंग उडतो. म्हणजे जो काही पाहायचा, तो जिवंतपणीच. आणि दुसऱ्याला दाखवायचा, तर चित्र हवे. क्लेर्कने नेमके हेच केले. जाळे कसे विणतो, न विणता शिकार कशी करतो, चालतो की उड्या मारतो, डोळ्यांची मांडणी कशी, हे पाहून त्याने गट पाडले. मजकूर स्वीडिश आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत दिला आणि सोबत रंगवलेल्या आकृत्या जोडल्या. पुस्तकाचे नाव साधेच, स्वीडनचे कोळी. साठाहून अधिक जातींचा त्यात परिचय आहे. आजचा हौशी माणूस छायाचित्र पुढे करतो, तसे क्लेर्कने आपले कोळी जगापुढे केले.

इंग्लंडच्या मार्टिन लिस्टरने 1678 मध्ये कोळ्यांवर उत्तम लिहिले होते, पण त्याची नावे म्हणजे लांबलचक वर्णनेच. क्लेर्कने प्रत्येक कोळ्याला दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. कल्पना लिनियसची, पण प्राण्यांना ती शिस्तीने लावण्यात नोकरदाराने गुरूला मागे टाकले. सगळ्या प्राण्यांना अशी नावे देणारी लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 ची. दोन्ही पुस्तके छापणारा मुद्रक एकच, लॉरेन्शियस साल्वियस.

इथे मोठा पेच पडला. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब 1 जानेवारी 1758 पासून मोजायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याआधीची नावे बाद. मग क्लेर्कची अठरा वर्षांची कमाई मुदतीआधी आली म्हणून बुडवायची? नियम करणाऱ्यांनी मार्ग काढला. क्लेर्कचे पुस्तक 1 जानेवारी 1758 लाच निघाले असे मानायचे, आणि वर त्यातल्या नावांना लिनियसच्या नावांच्याही आधीचा मान द्यायचा. ही सवलत दुसऱ्या कुणालाही नाही. युरोपच्या बागांत पाठीवर पांढरा क्रूस मिरवणारा जो कोळी आहे, त्याला लिनियसने अरेनिया डायडेमा म्हटले; चालते ते क्लेर्कचे अरेनियस डायडेमेटस. पाण्याखाली हवेचा बुडबुडा साठवून राहणारा कोळी, फुलावर पांढरा-पिवळा होऊन दबा धरणारा खेकड्यासारखा कोळी, भिंतीवर उड्या मारणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कोळी, या साऱ्यांच्या नावांपुढे क्लेर्कचे नाव आणि 1757 असे लिहितात.

या भिंतीवरच्या कोळ्याचे गण-नाव सॅल्टिकस. त्यावरूनच उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सगळ्या कुळाचे नाव पडले. ठाण्यात सापडलेल्या या कुळातल्या एका नव्या जातीला 2021 मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळाले, 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे.

आपल्या हौशी मित्रांना एक सांगायला हवे. पुष्कळदा जाणकार छायाचित्र पाहून कुळ सांगतो, गण सांगतो आणि थांबतो. तो टाळत नसतो. बँकेत आम्ही खातेदाराचे छायाचित्र चिकटवून घेत असू, पण पैसे देताना पाहायचो ती नमुना सही. कोळ्याची सही मादीच्या पोटाखाली आणि नराच्या तोंडाशेजारच्या दोन आखूड अवयवांवर असते आणि ती बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच वाचता येते. शिवाय पिल्लू असेल, तर सही उमटलेलीच नसते. अज्ञान खातेदार! पाठीचे सुंदर छायाचित्र असले, तरी खाली वाकून पोटाचेही एक काढावे, हे बरे.

कोळ्यांनंतर क्लेर्क फुलपाखरांकडे वळला. 1759 पासून त्याने त्यांच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ काढायला घेतला. राणी लुईसा उल्रिका हिच्या संग्रहातली परदेशी फुलपाखरे त्यासाठी पाहायला मिळाली. 22 जुलै 1765 रोजी तो वारला, तेव्हा तिसऱ्या भागाचे काम अपुरेच होते.