गरिबाच्या दारापाशी बाग

लंडनच्या पार्लमेंट हिल टेकडीवर आज कोणीही विनामूल्य फिरू शकतो. तेथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या नाहीत, याचे बरेचसे श्रेय ऑक्टेव्हिया हिल यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म १८३८ मधला. वडिलांचा धान्याचा व्यापार बुडाल्याने किशोरवयातच त्यांना काम पत्करावे लागले. १८६५ मध्ये विचारवंत जॉन रस्किन यांनी मॅरिलबोन भागातील तीन जुनाट घरे विकत घेऊन त्यांच्या हाती सोपवली. दर आठवड्याला भाडे गोळा करताना ऑक्टेव्हियांना भाडेकरूंचे जगणे जवळून दिसले. एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत होते. छत दुरुस्त करता येत होते, भिंतींना रंग देता येत होता. पण मुलांनी खेळायचे कोठे? म्हातार्‍यांनी टेकायचे कोठे? ज्यांना दिवाणखाना नाही, त्यांना तो उघड्यावर मिळाला पाहिजे, असे त्यांचे मत बनले.

१८७५ मध्ये स्विस कॉटेजची मोकळी शेते वाचवण्यासाठी त्यांनी वर्गणी उभारली. तो प्रयत्न फसला आणि तेथे घरे झाली. या पराभवाने त्यांना चिकाटी शिकवली असावी. गरिबाला आगगाडीचे भाडे परवडत नाही, म्हणून हिरवळ पायी गाठता येईल इतकी जवळ हवी, हा त्यांचा आग्रह राहिला. दफने थांबलेली जुनी कबरस्तानेही बागांसाठी खुली करावीत, यासाठी त्या झगडल्या. १८८७ मध्ये सदर्कच्या दाट वस्तीत, जळालेल्या कागद कारखान्याच्या जागेवर त्यांनी रेड क्रॉस गार्डन उभारले. शेजारी कामगारांची टुमदार घरे, मध्ये तळे आणि कारंजे. दोन वर्षांनी पार्लमेंट हिलही सार्वजनिक झाली.

त्यांची सर्वच मते आज पटणारी नाहीत. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध होता आणि पालिकेने घरे बांधणेही त्यांना रुचत नसे. मोकळ्या जागेच्या प्रश्नावर मात्र त्या काळाच्या पुढे होत्या. १८९५ मध्ये रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह त्यांनी नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टची पहिली जमीन होती वेल्समधील समुद्रकाठची साडेचार एकरांची टेकडी.

१९१२ मध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी नाकारला. केंटमधील क्रॉकम हिल गावी त्या विसावल्या. सदर्कमधील बाग मधल्या काळात विस्कटली होती. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत तिची रया गेली, मात्र पुढच्या दशकात तिला जुने रूप परत देण्यात आले.