सिमेंट, मग रेल्वे इंजिन, मग ट्रक : सुमंत मुळगावकरांनी 'लाइन' कशी बदलली?

भोसरी एमआयडीसीत कुणालाही पत्ता विचारा, 'टेल्को रोड' हा शब्द कानावर पडतोच. कंपनीने २००३ साली आपलं नाव टाटा मोटर्स केलं, रस्त्याने मात्र जुनंच ठेवलं. हा रस्ता ज्या कारखान्यामुळे ओळखला जातो तो उभा करणाऱ्या माणसाचं नाव आज बहुतेकांना एका गाडीमुळे माहिती असतं. टाटा सुमो. सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरांमधला 'मो'. (मराठीत खरं तर 'सुमु' व्हायला हवं होतं, पण इंग्रजी स्पेलिंगने 'मु'चा 'मो' केला.)

गाडीच्या नावामागची ही गोष्ट सगळीकडे फिरते. पण मुळगावकर मुळात गाड्यांचे माणूस नव्हतेच. त्यांनी उमेदीची वर्षं सिमेंटमध्ये घालवली होती. ट्रक बनवायला घेतले तेव्हा ते ४८ वर्षांचे होते आणि पुण्यात कारखाना काढला तेव्हा साठीचे.

चाकणपासून तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात आज चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येणारा विषय म्हणजे लाइन बदलायची का, आणि बदलायची तर कधी. डिझेल इंजिनाच्या असेंब्लीवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला इलेक्ट्रिक गाडी दिसली की पोटात गोळा येतो, कारण तिच्यात त्याने जोडलेला एकही भाग नसतो. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, तेव्हा तिथल्या अनेकांना हा प्रश्न विचार करायला सवड न देता समोर आला. म्हणून मुळगावकरांचं आयुष्य या एका बाजूने पाहायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांच्या पाठीशी टाटा समूह होता आणि जेआरडी टाटांचा विश्वास होता. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाची आणि त्यांची बरोबरी होत नाही. पण त्यांनी निर्णय कोणत्या वेळी घेतले आणि कोणत्या क्रमाने घेतले, त्यात पाहण्यासारखं बरंच आहे.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईचा. इंजिनिअरिंग शिकायला ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये गेले, परत आले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. १९३६ साली देशातल्या बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली आणि तिथे ते वाढत गेले. त्या काळी सिमेंट कारखाना काढायचा म्हणजे यंत्रसामग्री बोटीने मागवायची आणि परदेशी इंजिनिअर सांगेल तशी जोडायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ही आयात अडली.

तेव्हा मुळगावकरांच्या डोक्यात आलं की ही यंत्रं इथेच का बनवू नयेत. तेव्हाच्या बिहारमधल्या चाईबासाचा एसीसीचा कारखाना हे त्याचं फळ. देशी बनावटीच्या यंत्रांवर उभा राहिलेला भारतातला पहिला सिमेंट कारखाना म्हणून तो ओळखला जातो.

त्यांच्या पुढच्या उडीचं मूळ इथेच आहे. सिमेंट कारखान्याचा जीव म्हणजे त्याची भट्टी. जाड पोलादी पत्रा वाकवून केलेली लांबलचक नळी, आतून अग्निविटा, थोडी उतरती ठेवलेली आणि सावकाश फिरणारी. आतलं तापमान चौदाशे अंशांच्या पुढे जातं. पत्रा कसा वळवायचा, सांधा कसा टिकवायचा, तापल्यावर धातू किती पसरेल याचा हिशेब कसा ठेवायचा, हे ज्याला कळलं त्याला वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फार परका वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सिमेंट आणि रेल्वे हे दोन वेगळे धंदे दिसतात. वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ते सख्खे नसले तरी चुलत भाऊ वाटतात.

टाटांनी १९४५ साली जमशेदपूरला रेल्वेचं एक जुनं वर्कशॉप घेऊन टेल्को सुरू केली होती. पूर्ण नाव टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. काम बॉयलरचं, डब्यांच्या सांगाड्यांचं, रस्ते दाबणाऱ्या रोलरचं आणि पुढे वाफेच्या इंजिनांचं. १९४९ साली मुळगावकर तिथे प्रमुख म्हणून आले. वय ४३. जमलेलं नाव आणि माहितीचा धंदा सोडून ते एका नव्या कंपनीत गेले.

गेल्यावर त्यांना जी अडचण दिसली, ती आज एकाच मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या चाकणच्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला लगेच कळेल. टेल्कोच्या इंजिनांना गिऱ्हाईक एकच होतं, ते म्हणजे रेल्वे. ऑर्डर तिची आणि भावही सरकार म्हणेल तो. वर १९५० पासून सरकारने चित्तरंजनला स्वतःचा इंजिनांचा कारखाना चालू केला. जगात डिझेल आणि विजेची इंजिनं आली होती. वाफेचे दिवस मोजके होते, पण त्या घडीला काम भरपूर होतं. याच टप्प्यावर बहुतेक लोक चुकतात. हाताला काम आहे, पगार वेळेवर आहे, मग कशाला काही हलवायचं?

मुळगावकरांनी हलवलं. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी ट्रक बनवण्याचा करार केला. पंधरा वर्षांचा. सहा महिन्यांत पहिला ट्रक कारखान्याबाहेर पडला.

आणि वाफेची इंजिनं? ती बंद केली नाहीत. १९७० पर्यंत बनत राहिली. म्हणजे जवळपास सोळा वर्षं दोन्ही धंदे एकाच आवारात चालू होते. जुन्या कामाने घर चालवलं आणि नवं काम त्याच्या सावलीत मोठं झालं. राजीनामा टेबलावर ठेवून उद्यापासून नवं आयुष्य सुरू करण्याच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात. इथे घडलं ते बरंच कमी नाट्यमय होतं, आणि माझ्या मते म्हणूनच टिकलं.

सोपं मात्र नव्हतं. वाफेचं इंजिन ही एकेक करून घडवायची वस्तू. भाग बसला नाही तर अनुभवी फिटर कानस घेऊन तो बसवतो. ट्रकमध्ये ते चालत नाही. शंभरावा ट्रक पहिल्यासारखाच हवा आणि एकाचा गिअर दुसऱ्याला न घासता बसला पाहिजे. गिऱ्हाईकही बदललं. समोर एक रेल्वे बोर्ड नव्हतं, कर्ज काढून गाडी घेणारे हजारो मालक होते. एकाची गाडी घाटात बंद पडली की पुढच्या ढाब्यावर दहा जणांना कळायचं. ज्या कारागिराची सगळी इज्जत त्याच्या कानशीत होती, त्याला आता तुझी कानस चालवायची वेळच येऊ नये असं सांगायचं होतं. लाइन बदलताना नवीन शिकण्यापेक्षा हे जास्त जड जातं.

१९६९ साली करार संपला. ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचा 'टी' आला. मधल्या पंधरा वर्षांत बहुतेक भाग देशात बनू लागले होते, त्यामुळे जर्मन गेल्यावर कारखाना थांबला नाही.

पण पिंपरी-चिंचवडकरांसाठी खरी गोष्ट त्याआधी, १९६६ च्या सुमाराला सुरू होते. टेल्कोने दुसरा कारखाना पुण्याजवळ काढायचं ठरवलं. पिंपरीत तेव्हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली होती, आणि बाकी बराचसा माळ होता. लोकांना वाटलं असेल, आता वर्ष-दोन वर्षांत ट्रक दिसतील.

पुण्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली १९७७ साली. अकरा वर्षांनी!

एवढा वेळ इथे काय चाललं होतं? गाड्या बनवण्याआधी गाड्या बनवणारी यंत्रं, डाय, जिग आणि फिक्स्चर बनवण्याचं काम. गाड्यांचं संशोधन करणारं केंद्र. आणि पोरं घडवण्याचं काम. दहावी किंवा आयटीआय करून आलेली मुलं अप्रेंटिस म्हणून घ्यायची, लेथवर, मिलिंगवर, फिटिंगला उभी करायची आणि त्यांच्या हाताला मायक्रॉनची सवय लावायची. त्यातल्या कित्येकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतीच होती. एका कंपनीने लाइन बदलली आणि त्यापायी हजारो घरांनी बदलली.

सगळं श्रेय दूरदृष्टीला देणं बरोबर होणार नाही. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, परकीय चलनाची चणचण होती आणि बाहेरून यंत्र आणायचं तर परवान्यासाठी दिल्लीच्या चकरा. म्हणजे स्वतःची यंत्रं बनवणं ही काही अंशी मजबुरी होती. पण युद्धात आयात अडली तेव्हा चाईबासाला जे केलं तेच त्यांनी इथे वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या प्रमाणावर केलं. धंदे तीन झाले तरी त्यांचं काम एकच राहिलं, बाहेरून आणावी लागणारी वस्तू इथे बनवता येईल अशी जागा आणि माणसं तयार करणं. आवारात झाडं लावली, तळं केलं. तेलकट शॉपफ्लोअरची सवय असलेल्यांना कारखान्यात तळं कशाला हे कोडं पडलं असेल, पण पुढे तिथे पक्षी येऊ लागले.

या तयारीचा कस लागला ऐंशीच्या दशकात. जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून चार भारतीय कंपन्या छोट्या ट्रकच्या बाजारात उतरल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा. टेल्कोकडे या आकाराची गाडी नव्हती. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता पुण्यात स्वतःची गाडी तयार केली, आणि १९८६ साली टाटा ४०७ रस्त्यावर आली. मार्केट यार्डात भाजी उतरवणारी, गणपती नेणारी, लग्नाचं वऱ्हाड आणणारी चारशेसात ती हीच. त्या चार जोडनावांपैकी किती आज तुमच्या गल्लीत दिसतात ते तुम्हीच पाहा. मुळगावकर तेव्हा ८० वर्षांचे होते आणि अजून अध्यक्ष होते.

१९८८ च्या अखेरीस अध्यक्षपद रतन टाटांकडे गेलं. १ जुलै १९८९ ला मुळगावकर वारले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुण्याच्या टेल्कोतला कामगार संघर्ष शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेला. तो त्यांनी पाहिला नाही. ज्या पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवून उभं केलं, तीच गेटबाहेर बसली हेही त्यांच्या कारखान्याच्या गोष्टीत धरावं लागतं.

१९९४ साली सुमो आली. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ भारतात मोटारी बनवायला आली ती टेल्कोला भागीदार घेऊन, आणि तिच्या पहिल्या गाड्या पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात जोडल्या गेल्या. चाकणला स्वतःच्या कारखान्यात ती गेली २००९ साली.