घाटात सायकल ढकलायची नव्हती, म्हणून या माणसाने गिअरसाठी अख्खं आयुष्य लावलं

फ्रान्समधल्या सेंट-एतिएन शहराबाहेर एक घाट आहे, कोल द ला रेपुब्लिक. उंची 1161 मीटर. सांगतात, की 1889 च्या सुमारास एक गडी तिथे एकाच गिअरची सायकल घेऊन घामाघूम होत चढत होता. तेवढ्यात तोंडात पाइप धरलेला एक सायकलस्वार आरामात त्याच्या पुढे निघून गेला.

मागे पडलेला गडी म्हणजे पॉल द व्हीवी. जगाने त्याला त्याच्या टोपणनावाने ओळखलं, व्हेलोसिओ.

त्याचा जन्म 1853 चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न गावचा. रेशमाचा धंदा बरा चालला होता. 1881 मध्ये त्याने पहिली सायकल घेतली आणि सगळं बिनसलं. 1887 मध्ये त्याने रेशमाला रामराम ठोकला, सेंट-एतिएनमध्ये सायकलचं दुकान टाकलं आणि सायकलवरचं मासिकही काढलं.

आता त्याची अडचण समजून घ्या. पुढच्या चकतीला 44 दाते आणि मागच्या चकतीला 16 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीन वेळा फिरतं. सपाटीला झकास, पण घाटात गुडघे बोलायला लागतात. पुढे 32 आणि मागे 20 दाते ठेवले, तर चाक 1.6 वेळाच फिरतं. चढ सोपा होतो, पण सपाटीला पाय नुसते भिंगरीसारखे फिरतात. एकच गिअर म्हणजे घरून निघतानाच यातलं एक निवडायचं.

व्हेलोसिओला ही निवड वाटेत करता यायला हवी होती. त्याने पुढे लहानमोठ्या दोन चकत्या बसवल्या. चढ आला की उतरायचं, हाताने चेन उचलून लहान चकतीवर टाकायची आणि पुन्हा निघायचं. हात काळे व्हायचे, पण सायकल ढकलावी लागत नव्हती.

1902 मध्ये एका पर्यटन क्लबने डोंगराळ रस्त्यांवर सायकलींची चाचणी घेतली. मार्थ एस नावाच्या बाईंनी व्हेलोसिओच्या तीन गिअरच्या ‘गॉलवाझ’ सायकलवर दोनशेहून जास्त किलोमीटरचा तो रस्ता पार केला. एकाही चढावर त्यांना पाय टेकवावा लागला नाही, अशी बातमी झाली.

तरी वाद मिटला नाही. पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणारे हेनरी देग्रांज यांच्या मते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय होती. खऱ्या मर्दाने पायांच्या जोरावर जिंकावं. त्यामुळे टूरचे खेळाडू कित्येक वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरायचे आणि मागचं चाक उलटं बसवून दुसऱ्या बाजूचे दाते वापरायचे.

टूरमध्ये डिरेलर गिअरला परवानगी मिळाली 1937 मध्ये. ते बघायला व्हेलोसिओ नव्हता. 1930 मध्ये सेंट-एतिएनच्या रस्त्यावर ट्रामच्या धडकेत तो गेला. त्याचं स्मारक त्याच घाटात आहे.

गंमत म्हणजे आज काही जण सामान लादून, मुद्दाम एकाच गिअरवर डोंगरवाटा तुडवतात. मोडायला कमी, सांभाळायला सोपं. पण दाते ठरवताना गणित व्हेलोसिओचंच लागतं. सपाटीचा वेग बघायचा नाही. सगळ्यात अवघड चढ, पाठीवरचं ओझं आणि दिवस मावळतानाचे थकलेले पाय बघायचे. फुशारकीत निवडलेला गिअर शेवटी ढकलायलाच लावतो.