वाचकांना उत्तर देणारा ग्रंथकार

आपल्याकडे महाभारताची कथा ऐकणारा माणूस नुसता ऐकत बसत नाही. तो वाद घालतो. भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असता भीष्म गप्प का राहिले, आपले जन्मरहस्य कळल्यावरही कर्णाने कौरवांची बाजू का सोडली नाही, ह्या प्रश्नांवर पुराण आटोपल्यानंतरही ओसरीवर खल चालतो. मात्र व्यासमहर्षींना पत्र घालून खुलासा मागण्याची सोय आपल्याला नाही. इंग्लंडातील एका अद्भुत महाकथेच्या वाचकांना ही सोय जवळजवळ एकोणीस वर्षे लाभली. ती कथा म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, आणि पत्रे ज्यांच्या नावे जात ते गृहस्थ म्हणजे ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन. त्यांची निवडक पत्रे १९८१ साली ग्रंथरूपाने निघाली व २०२३ साली त्यांची वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ कथेइतकेच त्या पत्रांनीही मला गुंतवून ठेवले आहे. आज टोल्कीन यांचे चरित्र सांगायला बसलो आहे तेही मुख्यतः त्या पत्रांच्या आधारे.

टोल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तेथली उष्ण हवा मुलाला मानवेना, म्हणून आई दोन्ही मुलांना घेऊन १८९५ साली इंग्लंडात आली आणि पुढच्याच वर्षी वडील आफ्रिकेत वारले. आईने बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल ह्या खेड्यात बिऱ्हाड केले. भाषांचे पहिले धडे मुलांना तिनेच दिले. १९०० साली तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला. आणि १९०४ साली मधुमेहाने तिचा अंत झाला. इन्शुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे अवकाश होता. बारा वर्षांच्या ह्या पोरक्या मुलाचा व त्याच्या धाकट्या भावाचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्या धर्मगुरूंनी केला. पुढे सोळाव्या वर्षी रोनाल्डचे मन एडिथ ब्रॅट हिच्यावर जडले. एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत तिच्याशी पत्रव्यवहारही करावयाचा नाही अशी फादरांनी आज्ञा केली. त्याने ती पाळली. आणि एकविसावा वाढदिवस लागताच तिला पत्र लिहिले. १९१६ च्या मार्चमध्ये दोघांचा विवाह झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी टोल्कीन फ्रान्समध्ये रणभूमीवर होते. सोमच्या लढाईत ते संदेशवहनाचे अधिकारी होते. खंदकज्वराने अंथरूण धरल्यामुळे नोव्हेंबरात ते मायदेशी परतले. पण शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी गेले. युद्धाने धडधाकट, शूर माणसांचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या कथेचा अर्थ युद्धावरून लावण्याची घाई कोणी करू नये हे खरे. तरी पुढे ज्या प्रश्नावर वाचकांशी त्यांचा वाद झाला, त्याचे उत्तर देताना ह्या अनुभवाची शिदोरी त्यांच्यापाशी होती, असे मला वाटते.

युद्धानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या प्रख्यात शब्दकोशाचे काम केले, लीड्स येथे अध्यापन केले आणि १९२५ साली ते ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९३६ साली त्यांनी ‘बेवुल्फ’ ह्या जुन्या काव्यावर एक व्याख्यान दिले. पंडित मंडळी त्या काव्यातील राक्षस आणि अजगर बाजूला सारून इतिहासाचे कण वेचीत बसली होती. टोल्कीन यांनी ठासून सांगितले, की राक्षस हेच त्या काव्याचे मर्म आहे. अद्भुत गोष्ट म्हणजे पोरखेळ, हा समज त्यांना मुळीच मान्य नव्हता. पुढच्या वर्षी त्यांची ‘द हॉबिट’ ही बालकथा निघाली व खपली. प्रकाशकांनी आणखी एक गोष्ट मागितली. १९३७ च्या डिसेंबरात ती लिहावयास घेतली आणि ती १९५४ व १९५५ साली तीन खंडांत बाहेर पडली. तीच ही महाकथा.

जे वाचक हिच्याशी परिचित नसतील त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. सॉरॉन नावाच्या दुष्ट अधिपतीने इतरांची मने अंकित करण्यासाठी एक अंगठी घडवली. ती त्याच्या हातून गेली व फिरत फिरत फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, साध्यासुध्या गृहस्थाकडे आली. ज्या अग्निपर्वतात ती घडली त्याच्याच ज्वाळांत ती टाकली तरच तिचा नाश व्हावयाचा. फ्रोडो आणि त्याचा इमानी चाकर सॅम ही कामगिरी पत्करतात. वाटेत गॉलम नावाचा एक हीनदीन जीव, ज्याला ह्याच अंगठीने पूर्वी नासवले होते, त्यांच्या मागे लागतो. फ्रोडो त्याला मारू शकला असता. पण दया येऊन तो त्याला जिवंत ठेवतो. शेवटी ज्वालामुखीच्या काठावर पोहोचल्यावर विपरीतच घडते. फ्रोडो अंगठी टाकावयाचे नाकारतो. ती आपली म्हणून बोटात घालतो. तेवढ्यात गॉलम झडप घालतो, त्याचे बोट चावून अंगठी तोडून घेतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन तिच्यासह आगीत कोसळतो. जग वाचते, पण नायकाच्या निश्चयामुळे नव्हे.

प्रश्नांचा ओघ कथा प्रसिद्ध होण्यापूर्वीच सुरू झाला. स्कॉटिश कादंबरीकार नाओमी मिचिसन ह्यांनी मुद्रिते वाचून १९५४ साली अनेक शंका विचारल्या. टोल्कीन यांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले, पण टॉम बॉम्बाडिल ह्या वनवासी पात्राविषयी हात राखला. कथेत काही कोडी कोडीच राहिली पाहिजेत, आणि हे आपण जाणूनबुजून ठेवले आहे, असे त्यांनी कळवले. त्याच वर्षी जादूच्या प्रश्नाचा त्यांनी एका मसुद्यात विचार केला. ह्या कथेतील जादू चांगली कोणती व वाईट कोणती? त्यांनी दोन प्रकार मानले : एक खरोखर परिणाम घडवणारी, दुसरी भास निर्माण करणारी, जिला आपण नजरबंदी म्हणू. दोन्ही प्रकार मुळात चांगलेही नव्हेत व वाईटही नव्हेत. हेतू काय, एवढाच प्रश्न. दुसऱ्याची स्वतंत्र इच्छा दडपून तिच्यावर सत्ता गाजवण्यासाठी जी वापरली जाते ती वाईट. हे सांगून ते पुढे म्हणतात, की मंत्रतंत्र शिकून ही शक्ती मिळत नाही. ती अंगचीच असावी लागते आणि माणसांच्या ठायी ती नसते. पण मग त्याच कागदाच्या समासात त्यांनी स्वतःलाच हटकले आहे : कथेतील एका मानववंशाने मंत्र घालून तलवारी घडवल्या होत्या, त्याचे काय? आपणच बसवलेल्या नियमाला आपणच काढलेली ही खोड पाहून मला त्या प्राध्यापकांविषयी फार आपुलकी वाटली.

दुसरी हकीकत अशीच आहे. ऑक्सफर्डमधील कॅथलिक ग्रंथांच्या एका दुकानाचे व्यवस्थापक धर्मनिष्ठ वाचक होते. दुष्टाने प्राणी निर्माण केले असे ट्रीबीअर्ड हे वृक्षरूपी पात्र सुचवते. निर्मिती तर फक्त ईश्वराची, मग हे कसे, असा त्यांचा रोख होता. टोल्कीन यांनी उत्तरात लिहिले, की ट्रीबीअर्ड हे माझ्या कथेतले पात्र आहे, मी नव्हे. त्याची स्मरणशक्ती दांडगी असली तरी त्याला न समजलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. पात्र बोलते ते सारे ग्रंथकाराचे मत असे धरून चालणाऱ्या वाचकांनी हे उत्तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हे लांबलचक पत्र त्यांनी धाडलेच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटल्याची नोंद त्यावर करून त्यांनी ते ठेवून दिले.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन हे ह्या कथेचे मोठे चाहते. १९५५ साली त्यांना लिहिताना टोल्कीन यांनी कबूल केले, की खानावळीच्या कोपऱ्यात बसलेला तो रापलेला प्रवासी, म्हणजे पुढे राजा ठरणारा अ‍ॅरागॉर्न, प्रथम भेटला तेव्हा तो कोण हे फ्रोडोप्रमाणेच आपल्यालाही ठाऊक नव्हते. हे वाचल्यावर त्यांच्या उत्तरांचा सूर मला उमगला. स्वतःच्या कथेकडेही ते एखाद्या सापडलेल्या जुन्या पोथीकडे पाहावे तसे पाहत : पोथीत असे आहे, तर त्याचा अर्थ काय असावा?

पण सर्वांत कठीण प्रश्न फ्रोडोचा. १९५६ च्या सुमारास एका वाचकाचे अत्यंत जहाल पत्र आले. फ्रोडो ऐन वेळी फितूर झाला. त्याचा सन्मान कसला करता, देशद्रोही म्हणून त्याला देहान्त शासन व्हावयास हवे होते, असा त्याचा मथितार्थ होता. फ्रोडो अयशस्वी झाला हे टोल्कीन यांनी कधीच नाकारले नाही. उलट फारच थोड्या वाचकांच्या ते लक्षात आले, असे त्यांनी म्हटले. १९६३ साली एका वाचक बाईंना उत्तर देताना त्यांनी आपला निवाडा सविस्तर मांडला. अंगठीचा दाब त्या ठिकाणी कळसाला पोहोचला होता. महिनोन्‌महिने तिचा भार वाहून, उपासमार व छळ सोसून झिजलेल्या कोणालाही तो सहन होणे अशक्य होते. जे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे ते न जमणे हा नैतिक दोष नव्हे. फ्रोडोने आपल्याजवळ होते नव्हते ते सर्व खर्ची घातले आणि कार्य घडू शकेल अशा ठिकाणापर्यंत ते नेले. पुढचे त्याच्या हाती नव्हते. गॉलमवर त्याने पूर्वी केलेली दयाच अखेरीस त्याच्या उपयोगी पडली.

ह्याच पत्रात त्यांनी दोन गोष्टी अशा लिहिल्या आहेत, की कथा पुन्हा उघडून पाहावी लागते. प्रवासात एकदा निजलेल्या फ्रोडोकडे पाहून गॉलमचे मन द्रवू लागते; तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो, आणि ती घटका निघून जाते. टोल्कीन यांच्या मते हा साऱ्या कथेतला बहुधा सर्वांत करुण क्षण. सॅम तेव्हा जरा मऊ बोलता, तर शेवट निराळा झाला असता. अंगठी हिसकावल्यावर गॉलमने कदाचित फ्रोडोसाठी स्वखुशीने आगीत उडी घेतली असती. ज्या सॅमला सगळे वाचक डोक्यावर घेतात, त्याच्या सद्भावनेतली ही उणीव ग्रंथकाराने स्वतः दाखवावी, हे विशेष. दुसरी गोष्ट गॅन्डाल्फ ह्या सज्जन जादूगाराची. त्याने ती अंगठी घेतली असती तर तो सॉरॉनपेक्षाही भयंकर ठरला असता. सॉरॉनमुळे निदान चांगले आणि वाईट वेगळे ओळखू येत होते. आपण धर्माच्याच बाजूचे आहोत ह्या खात्रीने राज्य करणाऱ्या गॅन्डाल्फने चांगुलपणाचाच लोकांना वीट आणला असता.

पत्रे लिहिता लिहिता ते वृद्ध झाले. १९५९ साली ते सेवानिवृत्त झाले. १९६५ साली अमेरिकेत कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि तेथील विद्यार्थ्यांत कथेचे वेड पसरले. घड्याळातला फरक न जाणणारे चाहते समुद्रापलीकडून त्यांना मध्यरात्री दूरध्वनी करीत. शेवटी दूरध्वनीचा क्रमांक सार्वजनिक यादीतून काढून घ्यावा लागला आणि १९६८ साली हे दांपत्य बोर्नमथकडे राहावयास गेले. त्याच १९६५ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी रूपककथेविषयीची आपली नावड स्पष्ट केली. रूपकात ग्रंथकार वाचकावर आपला अर्थ लादतो. आपल्याला त्यापेक्षा वाचकाने कथा स्वतःच्या अनुभवाला लावून पाहावी हे पसंत आहे, असा त्याचा आशय.

मला ह्या प्रस्तावनेचा आणि जादूवरच्या त्या मसुद्याचा धागा एकच दिसतो. दुसऱ्याच्या मनावर सत्ता गाजवणे ही त्यांच्या जगातली सर्वांत काळी विद्या. ग्रंथकाराच्या हातीही अशी एक अंगठी असते. अर्थ माझा आहे, मी सांगतो तोच खरा, असे म्हणावयाचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? त्यांनी तो वापरण्याचे बहुधा टाळले. विचारले तेव्हा आपले मत दिले, कारणे दिली, शंका समासात मांडल्या, आणि कित्येक उत्तरे मेजाच्या खणातच राहू दिली.

१९७१ साली एडिथ गेल्या. १९७२ साली राणीकडून त्यांना सन्मान मिळाला व ऑक्सफर्डने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २ सप्टेंबर १९७३ रोजी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी बोर्नमथ येथे त्यांचे देहावसान झाले. चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी २०२० सालापर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, वडिलांची हस्तलिखिते सांभाळली व अनेक ग्रंथ सिद्ध केले. फ्रोडोविषयीचा वाद आजही चालू आहे. १९६५ च्या आवृत्तीत टोल्कीन यांनी पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण अग्निपर्वतावरच्या त्या प्रसंगात नायकाच्या बचावाचा खुलासा घातला नाही. फ्रोडोचा न्याय करण्याचे काम त्यांनी वाचकांकडेच राहू दिले आहे. तो करताना कठोर व्हावे की दयाळू, हे ज्याने त्याने ठरवावयाचे आहे.