केडगावची वाट



स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी कॉम्प्युटरवर लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी पंडिता रमाबाईंवर लिहिते आहे. शाळेत त्या आपल्याला एका मार्काच्या प्रश्नापुरत्या भेटल्या. शारदा सदन कोणी स्थापन केलं, एवढंच. पुढे नोकरीसाठी पुण्यात राहायला गेल्यावर एकदा दौंडच्या गाडीने केडगावला उतरले, त्यांचं मुक्ती मिशन पाहिलं आणि मग त्यांचं चरित्र वाचलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आईकडून ती विद्या रमाबाईंना मिळाली. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, हे त्यांच्या मनात खोल गेलं. त्याच वर्षी त्यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. मात्र न पटलेल्या शिकवणीवर त्या भगिनींशीही त्यांनी वाद घातला.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई तिथल्याच विद्यार्थिनी. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तशी पुण्यात धर्मांतराची ओरड झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. त्यांची भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण रमाबाईंनी सदन बंद केलं नाही.

त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा १८९६-९७ च्या दुष्काळात झाली. सदनाच्या खर्चाची जबाबदारी अमेरिकेतल्या मंडळाने दहाच वर्षांसाठी घेतली होती आणि ती मुदत संपत आली होती. तरीही भूक स्वतः सोसलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर तंबू ठोकले. पुढचे पैसे कुठून येणार, हे ठाऊक नव्हतं. देव बघेल, या भरवशावर त्यांनी मुली आत घेतल्या. पण भरवसा ठेवून त्या बसून राहिल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना काढला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या हजारावर गेली.

उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. छपाईचं काम आश्रमातल्याच मुलींनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मी ख्रिस्ती नाही. पण हे चरित्र वाचताना मला सारखी आपल्या वर्गातली एक मुलगी आठवत होती. वाडीवरून चालत शाळेत यायची. सातवीत असताना दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली आणि पुन्हा वर्गात दिसली नाही. हजेरीत तिचं नाव काही दिवस घेतलं गेलं, मग तेही थांबलं. आपल्यापैकी कोणीच तिच्या घरी गेलं नाही. मी तर तिच्याच बाकावर बसायचे. रमाबाई मुली शोधत मध्य प्रांतापर्यंत गेल्या. माझ्याने खालापूरच्या अलीकडची वाडीसुद्धा गाठवली नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या वाडीवर जाणार आहे. ती भेटेल की नाही, ठाऊक नाही. नाही भेटली, तर यंदा दिवाळीनंतर कोणाची मुलं भट्टीवर जाणार आहेत, एवढं तरी विचारून येईन. कोणाला यायचं असेल तर सकाळी आठ वाजता कर्जत स्टेशनबाहेर भेटू.