रेखावृत्ताचा वाटसरू : कर्नल विल्यम लॅम्बटन

भारताच्या नकाशावरील अक्षांश-रेखांश कागदावर सहजी आखले गेलेले नाहीत. त्यांपैकी ७८ अंश रेखावृत्ताच्या मागे कर्नल विल्यम लॅम्बटन यांच्या आयुष्याची अखेरची एकवीस वर्षे आहेत.

यॉर्कशायरमध्ये जन्मलेले लॅम्बटन लष्करात शिरून अमेरिकेत गेले, यॉर्कटाउनच्या पराभवानंतर कैदेत पडले आणि पुढे हिंदुस्थानात आले. १७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत काळोख्या रात्री तुकडी दक्षिणेऐवजी उत्तरेला, शत्रूच्याच दिशेने, चालली आहे हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले. सेनापतींचा प्रथम विश्वास बसेना!

अक्षांश ताऱ्यांच्या उंचीवरून मिळतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ त्या स्थळाचा अक्षांशच. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात, म्हणून दोन स्थळांच्या वेळांतील अंतर कळल्यावाचून रेखांश कळत नाही. आणि घड्याळ अवघे ४ सेकंद चुकले, तर गाव नकाशावर मैलभर सरकते. लॅम्बटन यांनी म्हणून त्रिकोणांचा मार्ग धरला. एक बाजू आणि कोन मोजले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, आणि त्यांवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. ज्ञात स्थळाचे अक्षांश-रेखांश असे टेकडीमागून टेकडी पुढे नेता येतात.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पहिली बाजू मोजण्यास आरंभ झाला. १०० फुटी पोलादी साखळीने साडेसात मैल मोजण्यास ५७ दिवस लागले. पुढे त्रिकोणांची माळ पश्चिम किनाऱ्याला पोहोचली, तेव्हा जुन्या नकाशांनी द्वीपकल्प सुमारे ४० मैल अधिक रुंद दाखविल्याचे उघड झाले.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र दोर तुटून भिंतीवर आदळले. काम कायमचे बंद पडण्याचीच ती वेळ. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून यंत्राचे वाकलेले वर्तुळ पूर्ववत केले.

त्रिकोण कन्याकुमारीपासून बिदरपर्यंत पोहोचले. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून आले. जगातील सर्वोच्च शिखराला पुढे नाव मिळाले ते त्यांचे. उतारवयातही लॅम्बटन यांनी छावणी सोडली नाही. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.