पाण्याखालची माशी

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही, की तुम्ही काय करता? खरं सांगा! बहुतेक जण हळूच रीडिंग बदलतात. आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्याने रीडिंग तसंच ठेवलं आणि पुस्तकावर शंका घेतली. त्याची प्रयोगशाळा होती इंग्लंडमधली एक नदी आणि विषय होता मासे पकडणं.

त्याचं नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज. जन्म १८५८चा, न्यूफाउंडलंडमधला. वडील लष्करात डॉक्टर. शिकायला तो इंग्लंडात विंचेस्टरच्या शाळेत होता आणि गावातून वाहणाऱ्या इचेन नदीने त्याला ट्राउट माशाचं वेड लावलं. पुढे तो लंडनमध्ये सॉलिसिटर झाला. आठवडाभर कोर्टकचेरीची कागदपत्रं आणि सवड मिळाली की विंचेस्टर. तिथल्या ॲबट्स बार्टनच्या पाण्यावर तो १८८३पासून गळ टाकू लागला.

गळ म्हटल्यावर तुम्हाला गांडूळ आठवलं असेल. इथे तसलं काही नाही. ट्राउट किडे खातो, म्हणून नखाएवढ्या गळाला रेशमी दोऱ्याने पीस आणि प्राण्याची लव बांधून खोटी माशी तयार करायची आणि ती अलगद पाण्यात सोडायची. हेच फ्लाय फिशिंग. माशी बांधणं ही त्यातली निम्मी विद्या.

आता ‘पुस्तक’ कोणतं ते ऐका. फ्रेडरिक हॅलफर्ड हे त्या काळी या विषयातलं सगळ्यात मोठं नाव. तरंगत्या माशांवरचं त्यांचं पुस्तक १८८६मध्ये आलं आणि इचेनसारख्या काचेसारख्या नितळ नद्यांवर त्यांचाच शब्द चालू लागला. मासा पाण्यावर तोंड काढून किडा टिपताना दिसला, तरच गळ टाकायचा. तोही प्रवाहाच्या वरच्या दिशेने. आणि माशी कोरडी, म्हणजे तरंगतीच हवी. बुडणारी माशी वापरणं हॅलफर्डच्या भक्तांना कमीपणाचं वाटे. सुरुवातीला स्क्यूजही याच पंथातला, अगदी पक्का चेला.

मग एका सप्टेंबरात माशी शिंकली. त्याच्या तरंगत्या माशीचं पीस हलक्या प्रतीचं निघालं. माशी तरंगेना, बुडायला लागली. नियमाप्रमाणे ती फुकट गेली होती. पण ट्राउटने ती पाण्याखालीच धरली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दुसरा कुणी असता तर नशीब म्हणून सोडून देता. स्क्यूज विचार करत बसला.

उत्तर होतं किड्याच्या आयुष्यात. मेफ्लाय नावाच्या या किड्यांना पंख फुटल्यावर जेमतेम काही तास किंवा दिवस मिळतात. त्याआधीचे कितीतरी महिने ते नदीच्या तळाशी, पानवनस्पतींत काढतात. या बालरूपाला निम्फ म्हणतात. मग माशाचं पोट कशाने भरत असेल? पाणी नुसतं फुगलेलं दिसतं, पण माशाचं तोंड वर येत नाही, तेव्हा तो खाली निम्फ मटकावत असतो. स्क्यूज नुसत्या तर्कावर थांबला नाही. हाडातला मगज काढायचा लांबट चमचा असतो, तो घालून तो पकडलेल्या माशाच्या पोटातलं खाणं बाहेर काढी आणि पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात ते सुटं करून बघे. बशीत जे दिसे, तेच तो गळाला बांधे. तरंगत्या माशीला कोंबड्याचं ताठ पीस लागतं. त्याने कोंबडीचं मऊ पीस घेतलं, तेही अगदी थोडं. अंगाला लव, पंख नाहीतच. अशी माशी पृष्ठभागाच्या जरा खाली, खऱ्या निम्फसारखी वाहत जाते.

हे सगळं त्याने १९१०मध्ये पुस्तकात मांडलं, १९२१मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं. आणि गंमत बघा, त्याने तरंगती माशी कधी टाकून दिली नाही. मासा वर खात असेल तर वरची माशी, खाली खात असेल तर खालची. एवढंच तर म्हणणं होतं! पण भक्तांना तेवढंही सोसेना. १९१४मध्ये हॅलफर्ड गेले, तरी त्यांचा नियम गेला नाही. फेब्रुवारी १९३८मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या विषयावर जाहीर वाद ठेवला गेला. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचा होता आणि सभेत बहुतेक जण त्याच्या विरोधात होते. त्याच वर्षी त्याने ॲबट्स बार्टन सोडलं. त्या पाण्यावरच्या सोबत्यांनाच त्याची पद्धत खटकत होती. तब्बल ५५ वर्षांची नदी सुटली.

रुसून घरी बसला असेल असं वाटतं ना? पुढच्याच वर्षी त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं! नंतर तो दुसऱ्या नदीवर जाऊ लागला. १९४९मध्ये, नव्वदी गाठून तो गेला.

आज जगभर ट्राउटसाठी निम्फ सर्रास वापरतात. इंग्लंडमधल्या काही पाण्यांवर मात्र अजूनही फक्त कोरड्या माशीचा नियम आहे. आणि ॲबट्स बार्टनला, ज्या काठावरून तो निघून गेला, तिथेच त्याच्या आठवणीसाठी दगडी बाक ठेवलंय. पुढच्या वेळी रीडिंग जुळलं नाही, तर खोडरबर उचलण्याआधी तो बाक आठवा. आणि एकदा बशीत काय आहे ते बघा.